दगडी अंथरूण

पेच्चियम्माळ सातला डोंगर चढते.
हातात नारळाच्या हिरांची केरसुणी,
कमरेला सरकारी किल्ली, एका दाराची,
जे दार कधीच गंजून पडलं.

कातळातच नऊ बिछाने,
डोक्याकडे चार बोटं उंचवटा.

आपण अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं.
इथं कुणीतरी आधी पाय मोजले,
मग दगडात अंथरूण उतरवलं,
तेही अशांसाठी
ज्यांनी अंथरूणच मागे टाकलं होतं.

उत्तरेत बारा वर्षं दुष्काळ, म्हणून आले म्हणे.
खरंखोटं डोंगराला ठाऊक.
कमंडलू, मोरपिसांची पिंछी,
आणि दिवसातून एकदाच उघडायची भूक.
पावसाचे चार महिने एका जागी राहायचं,
कोवळ्या गवतावर, गोगलगायीवर पाय पडू नये म्हणून.
पण या मुलखात पाऊस येतो कार्तिकात,
चातुर्मास संपता संपता.
मग काय केलं त्यांनी?
कोरड्यात बसले आणि चिखलात निघाले?
की कुणी म्हातारा गुरू म्हणाला,
पोथी राहू दे, आधी ढग बघा?

वर पागोळीच्या खाचेखाली एकच ओळ कोरलेली:
मिठाचा व्यापारी चात्तन, त्यानं दिलं.
यातल्या कित्येकांनी तर मीठही सोडलेलं.
जग खाल्ल्या मिठाला जागतं,
हे न खाल्लेल्या मिठावर निजले.

दहावा बिछाना वळणापलीकडे, आखूड.
तिथं एक कुरत्ती राहायची, बाई गुरू.
पोरं शिकायला यायची तिच्याकडे, पोरीही.
शेवटी तिनं अन्न सोडलं, मग पाणी.
हे कुठं लिहिलेलं नाही.
पेच्चियम्माळच्या आजीनं तिला सांगितलं,
तिनं मला.
वैशाखात दुपारी ती त्याच दगडावर आडवी होते.
"मापाचा आहे," म्हणते, आणि हसते.

खाली खाणीत तिचा भाऊ मुरुगाण्डी सुरुंग लावतो.
समोरचा डोंगर अर्धा गेला, लोकांच्या फरशांत.
शुक्रवारी अय्यनारला बोकड आहे, तिच्याच घरचा.
ती जैन नाही. तिला विचारलं तर म्हणेल,
मला पगार आहे, चार महिन्यांचा थकलेला.

पण आत्ता तिसऱ्या बिछान्यावरून
मुंग्यांची रांग चालली आहे, तोंडात पांढरी अंडी,
आणि ती केरसुणी उभी धरून
थांबली आहे.

तो उंचवटा कुणाला सुचला असेल?
देह सोडायला निघालेल्याची
मान अवघडू नये म्हणून
चार बोटं दगड राखून ठेवणारा
कुणी पाथरवट.
त्याचं नाव कुठंच नाही.