परखी

लातूरच्या मोंढ्यात एकेचाळीस वर्षं
माझ्या हातात परखी होती.
हातभर लोखंड, मधून पोकळ, टोकाला तिरकं.
पोत्यात खुपसायची, मनगट वळवायचं,
बाहेर ओढली की खोबणीत मूठभर तूर.
तळहातावर दोन बोटांनी चाळून मी बोलायचो:
डागी आहे. ओल आहे.
किंवा नुसतंच, चालेल.
तागाचं भोक अंगठ्यानं चोळलं की बुजायचं.
पोतं कधी ओरडलं नाही.

आज मी कुशीवर, गुडघे पोटाशी,
हिरवा गाऊन मागून उघडा.
पायजमा बाहेर महानंदाच्या मांडीवर, घडी घालून.
डॉक्टर औशाकडचा, पोरसवदा.
म्हणाला, मन्मथअप्पा, सैल सोडा.
टक्क असा आवाज येईल. बारा वेळा.
बाराच का?
सहा डावीकडून, सहा उजवीकडून,
म्हणजे कोपरा सुटत नाही.

कोपरा सुटतो.
वर सोनं, बुडाशी भुंगा,
असे ट्रकच्या ट्रक मी पास केलेत.

टक्क.
पडद्यावर माझ्या आतलं काहीतरी राखाडी,
डाळमिलच्या धुरळ्यासारखं.
सुपारीएवढी असावी म्हणे ती गाठ,
माझी लिंबाएवढी झालीय.
टक्क.
पाचव्याला इंजेक्शनचा अंमल कमी पडला.
मी आडत लायनीतल्या पाट्या मोजायला लागलो,
दहाव्याला चुकलो.

नर्सबाईनं बाटल्या रांगेनं मांडल्या.
प्रत्येकीत शेवईचा तुकडा, ओला, पांढुरका,
वर चिठ्ठी: डावा वरचा, डावा मधला.
बघू द्या म्हणालो.
म्हातारा बावचळला वाटलं असेल तिला,
तरी एक बाटली उजेडात धरली.
सवयीनं मी तळहात पुढं केला
आणि मागं घेतला.
आयुष्यात पहिल्यांदा
नमुना बघून भाव सांगता आला नाही.

पाणी भरपूर प्या. गोळ्या पाच दिवस.
लघवीत रक्त दिसेल, घाबरू नका.
थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्रीसुद्धा या.
रिपोर्ट सोमवारी.

रिक्षात महानंदानं विचारलं, दुखलं का?
पोत्याला विचार, म्हणालो.
ती हसली नाही.

रात्रभर एकच आठवतंय.
मी माल बघायचो तेव्हा
माल आणणारा मालाकडं बघायचाच नाही,
माझ्या भुवयांकडं बघायचा.
निलंग्याकडचा एकजण तर
डोक्याचा टॉवेल काढून हातात धरायचा.
मी मुद्दाम वेळ लावायचो,
उगाच जीभ टाळूला लावून.
तेवढ्यानंही भाव पडतो.

सोमवारी डॉक्टर कागद उघडेल.
काय असेल ते असो,
त्यानं वेळ लावू नये.