रोहिणी आणि नीला

बरकाच्या प्लांटवर मी प्रेशर बघतो.
साठ बारने समुद्र आत ढकलायचा,
पडद्याच्या न दिसणाऱ्या भोकांतून
पलीकडे निघतं ते गोडं पाणी.
पडदा नसता तर काय झालं असतं, मी नव्या पोरांना विचारतो.
नळाला खारं पाणी, म्हणतात.
मी म्हणतो, नळच राहिला नसता.

एप्रिलमध्ये गेज वाचता वाचता
आकडे डावीकडून विझत गेले.
मोतालेब सांगतो, पडलो तेव्हा
हातातलं पेन मी सोडलं नव्हतं.

मस्कतला डॉक्टर झुवैना अल-हिनाईंनी
माझ्याच बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं:
एक लाल रेघ, एक निळी, आणि मध्ये
पोराने पेन हाती लागताच गिरगिटावं तसा गुंता.
जन्मापासूनच असणार, म्हणाल्या.
म्हणजे एक्केचाळीस वर्षं तो डोक्यात घेऊन
मी पोहलो, भांडलो, भावाच्या वरातीत नाचलो.

त्या इंग्रजीत सांगत होत्या, सिस्टर शीबा हिंदीत,
आणि मला आठवत होतं शाळेचं विज्ञान.
रोहिणी आणि नीला.
वर्गात एक नीला सुर्वे होती,
म्हणून ती आकृती अजून पाठ आहे.
रोहिणी जोरात येणारी, नीला सावकाश परतणारी,
दोघींच्या मध्ये केसाएवढ्या गल्ल्या.
तिथे रोहिणीचा जोर उतरतो.
माझ्या डोक्यात, उजव्या कानामागे,
त्या गल्ल्या कुणी पाडल्याच नाहीत.
रोहिणी थेट नीलाच्या दारावर आदळते.

मग उपाय.
कवटी उघडून गुंता कापून काढायचा.
सगळा निघाला तर त्याच दिवशी सुटका,
पण तो बसलाय बघण्याच्या जागेला खेटून.
जांघेतून बारीक नळी वर सरकवून आत गोंद सोडायचा.
वाटा बुजतात;
सगळ्या क्वचित, थोड्या बहुतेकदा.
नाहीतर किरण. टाका नाही, रक्त नाही,
फक्त दोन-तीन वर्षं थांबायचं
नसांच्या भिंती जाड होत होत मिटेपर्यंत,
आणि तोवर फुटणार नाही
असं लिहून कोणी देत नाही.
नाहीतर काहीच करायचं नाही.
शंभरात दोन ते चार, दर वर्षी, त्या म्हणाल्या.
मी विचारलं, चार कोण?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
माझा व्हिसाही दोन वर्षांचाच असतो.

शेजारच्या खाटेवर सईद, सूरचा मासेमार.
त्याचा आधीच फुटला होता.
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी ठेवून गेल्यासारखा.
शब्दांपैकी एकच उरलेला: बाकिर.
उद्या.
तहान लागली तरी बाकिर, दुखलं तरी बाकिर.
बायको त्या एका शब्दातून
पाणी, उशी, संताप, नमाज, सगळं वेगळं ओळखायची.
एकदा मात्र तिलाही कळलं नाही.
तो म्हणत राहिला, बाकिर, बाकिर,
आणि ती पदराआड गेली.

मी किरण घेतले.
चार स्क्रूंनी डोक्याला चौकट बसवली.
गाणं लावू का, विचारलं त्यांनी. नको म्हटलं.
मला ऐकायचं होतं. काहीच ऐकू आलं नाही.

"कपाळाला काय झालं?" ललिताने व्हिडिओवर विचारलं.
हेल्मेट लागलं, म्हणालो.
ती वेंगुर्ल्यात सातवीला विज्ञान शिकवते,
हे मी विसरलो नव्हतो.
म्हणूनच असेल, शुक्रवारच्या रात्रपाळीत
सहज विचारावं तसं विचारलं:
रोहिणी आणि नीला यांच्या मध्ये काय असतं गं?

"केशवाहिन्या," भांडी लावता लावता ती म्हणाली.
मग भांड्यांचा आवाज थांबला.
"कुणाला नाहीयेत?"

पंप चालू होता.
साठ. साठ. एकसष्ट.
सांगतो, म्हटलं,
आणि आवाज कमी व्हावा म्हणून
दाराबाहेर आलो, जिथे समुद्र
अजून आत यायचा होता.