दुसरी बाजू, तिसरी कविता

त्बिलिसीच्या कोरड्या पुलावर
जुने चमचे, पदकं, बंद पडलेली घड्याळं,
त्यांच्यात नुगझार रेकॉर्डी चाळतो उभ्या उभ्या,
पिसलेल्या पत्त्यांसारख्या.
गाण्यांच्या नकोत त्याला.
कवी स्वतः वाचतात, त्या.

विकणारी म्हणते, ह्यांना कोण ऐकतं आता,
एकीच्या भावात दोन घेऊन जा.

घरी आधी फुंकर, मग मऊ फडकं,
मग सुई.
सुरुवातीला नुसती खरखर,
गरम तेलात जिरं पडावं तशी,
आणि तिच्यातून वर येतो एक माणूस
घसा साफ करत.

नुगझारच्या वहीत कवितांची नावं नाहीत.
वहीत असतं:
खुर्ची करकरली. पाणी प्यायला.
बाहेर ट्राम.
‘बर्फ’ म्हणताना जीभ अडखळली.

आज दुसरी बाजू, तिसरी कविता.
छापील पुस्तकात पाच कडवी.
इथे चौथ्यानंतर थांबलाय बाप्या.
कागद उलटल्याचा आवाज,
परत मागे उलटल्याचा,
आणि मग सरळ पुढचीच कविता.

नुगझार सुई उचलतो, मागे ठेवतो.
पुन्हा कागद.
पुन्हा.
त्सियाला स्वयंपाकघरातून ओरडते,
अरे, बोलत का नाही तो?

कपाटातून पुस्तक काढून
तो पाचवं कडवं मोठ्याने वाचायला घेतो.
त्यात जिन्याखाली लहान मुलाचा बूट आहे.
एकच.

पुस्तक मिटून
पेन्सिलीला टोक काढत बसतो बराच वेळ,
मग लिहितो:
वाचलं नाही.
मीही नाही.