अर्धं तिकीट

मार्व्याच्या जेट्टीवर तिकीटवाल्यानं विचारलं,
पेटीत काय, कोंबड्या?
म्हटलं, कॅमेरा.
एवढा? मग अर्धं तिकीट लागेल,
बकरीला लावतो तसं.

मनोरीला उतरलो. एका खांद्यावर तिकाटणं,
दुसऱ्यावर सागवानी पेटी,
पत्र्याच्या डब्यात चारच फिल्म,
त्यातल्या दोन कधीच्या, देव जाणे.

बस्त्यावची आई बोंबील वाळत घालत होती.
फोटो म्हटल्यावर आत गेली ती
लाल लुगडं नेसूनच बाहेर आली.

काळ्या फडक्याखाली शिरलो.
खरबरीत काचेवर समुद्र वर,
आभाळ तळाशी सांडलेलं,
आणि कात्रीनमाय वटवाघळासारखी
उलटी लटकलेली, गंभीर.

चार सेकंद हलू नका, म्हटलं.
चारच? तुफानात ह्याचा बाप परतेना
तेव्हा तीन दिवस हलले नव्हते मी
ह्याच उंबऱ्यावरून.

मोजले. बोंबलावरची माशी तिच्या गालावर आली.
तिनं बसू दिली.

निघताना म्हणाली, नाताळाआधी दे हां,
भिंतीत खिळा ठोकलेला आहे.

परतीचंही अर्धं तिकीट दिलं.
खाडीच्या मध्यावर बोट आली तेव्हा आठवलं,
फिल्मपुढची काळी पट्टी मी ओढलीच नव्हती.
उजेड दारापर्यंत आला होता,
चार आकडे थांबून
माघारी गेला.

वळून पाहिलं. किनारा सुलटा.
माडांखाली एक लाल ठिपका
हलत नव्हता,
की बोटच हलत होती म्हणून
कळत नव्हतं.

डब्यात अजून तीन आहेत.
मी नावाड्याला विचारलं,
शेवटची फेरी किती वाजता?