शिमोनकाकांचं आमेन

बत्तीस वर्षं यंत्रमागावर काढून
शिमोनकाका कान तिथंच ठेवून आले.
आता रविवारी गातात ते
आमच्या मागं अर्धी ओळ,
आणि त्यांचं आमेन
सगळ्यांचं मिटल्यावर येतं, एकटंच,
मागातून निसटलेल्या धोट्यासारखं.

पेटी मी वाजवतो.
पंच कमिटीत मीच म्हणालो होतो,
काकांना खिडकीजवळच्या आडव्या बाकावर बसवू या,
हवा चांगली येते तिथं.
सोलापुरात, एप्रिलात, हवा!

तिथून त्यांना आम्हा सगळ्यांची तोंडं दिसू लागली.

चौथ्या रविवारी, उपासना संपता संपता
ते माझ्या कानाशी ओरडले,
त्यांच्या लेखी कुजबुजले:
"राजमणी गात नाही. नुसतं पुस्तक धरते."

मला कुठं कळलं होतं?
चाळीस गळ्यांतला एक गप्प झाला
तर सूर बिघडत नाही.
तिचं तेलुगू वळणाचं मराठी
खरं तर मला खटकायचंच.

काका उन्हाचे विडी घरकुलला गेले,
शेअर रिक्षानं, डब्यात शेंगाचटणी घेऊन.
सुपात तेंदूची पानं तशीच वाळलेली.
काय बोलणं झालं, देव जाणे.
ती बोलली असणार तेलुगूत,
यांना मराठीही ऐकू येत नाही.
दोन तास बसले, एवढं खरं.

पुढच्या रविवारी ती गायली.
फार नाही, धृपदापुरतं.

मी हल्ली भाता लगेच मिटत नाही.
शेवटचा सूर धरून ठेवतो.
काकांचं यायचं असतं अजून.