अधिक तीन

जानेवारीतला दुसरा शनिवार.
साळवणच्या पुढे डांबर संपलं,
मग ट्रॅक्सचा रस्ताही संपला,
मग दीड तास चाल.
मंडळीतले बाराजण, गोळ्यांची दोन खोकी,
आणि दोन पेट्या: एक गाण्याची,
एक भिंगांची.
दुसरी माझ्या खांद्यावर,
दुकानातून मालकांना विचारून आणलेली.

धनगरवाड्यात तेरा घरं.
वीज खांबापर्यंत आलेली, घरात नाही.
गव्यांसाठी काटेरी कुंपण,
ते आम्हालाच आधी लागलं.

एकोणीस माणसांचे डोळे तपासले मी,
फणसाखाली.
अक्षरांचा तक्ता कुणाच्याच कामाचा नव्हता,
म्हणून सुपात तांदूळ मागून घेतले,
म्हटलं, खडे दिसतात का बघा.
भागूबाई झोरे म्हणाली,
"खडं दाताला कळत्यात बाय, डोळ्याला न्हाय."

वहीत लिहिलं: भागूबाई, अधिक तीन.
"नंबर लिवलास. डोळं कवा आणतीस?"
"पुढच्या वेळी," मी म्हणाले.
पुढची वेळ कधी, ते आमच्यात
कुणालाच ठाऊक नव्हतं.
निघताना प्रार्थना झाली.
आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

रविवारी उपासनेनंतर पडद्यावर फोटो.
चाचणीची ती जड लोखंडी फ्रेम
भागूबाईच्या नाकावर, ती हसतेय,
चिमटीत एक खडा धरलेला.
चार मिनिटं दिसत होतं तिला.
मग मी भिंगं काढून घेतली,
पुसली, पेटीत ठेवली, कडी लावली.
हे फोटोत नाही.
समुद्रे पाळक म्हणाले, शलोमीताई, साक्ष द्या.
मी उठून म्हणाले, देवाची कृपा, सगळं छान पार पडलं.
टाळ्या झाल्या. चहा. खारी.

वही पर्समध्येच राहिली,
गॅसच्या पावतीला चिकटून.
दुकानात इचलकरंजीचे एक गृहस्थ
बिनकाडीची फ्रेम निवडायला पाऊण तास घेत होते.
मी काउंटरखाली हिशेब करत होते:
घाऊकमध्ये एकशे चाळीस, गुणिले एकोणीस.
दोन हजार सहाशे साठ.
पुन्हा केला. तेवढेच आले.
नाताळच्या माझ्या साडीहून कमी.

समितीत विषय काढला.
खजिनदार वाईट माणूस नाही.
म्हणाले, मिशनचा पैसा गाडीभाड्यात गेला,
एप्रिलनंतर बघू, प्रार्थनेत ठेवू या.
ठेवलं.

लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेलं:
प्रभूनं मातीत थुंकून चिखल केला
आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावला.
मी नाक मुरडलं होतं, शी, थुंकी!
बाईंनी कान धरला होता.
आता एवढंच आठवतं,
त्यानं नंबर लिहून घेतला नाही.

सोमवारी दुकान बंद असतं.
रंकाळा स्टँडवर साडेसहाची गाडी,
मांडीवर पिशवी,
पिशवीत अकरा चष्मे.
उरलेल्या आठजणांचे दोन डोळे दोन नंबरांचे,
ते तयार मिळत नाहीत, घडवावे लागतात,
त्याचे पैसे अजून माझ्याकडे नाहीत.
नवऱ्याला सांगितलं, काळ्याला मावशीकडे जाते.
साक्ष देताना खोटं बोलले,
आता जातानाही.

"साळवण एक."
"फुडं कुठं?" कंडक्टरनं विचारलं.
"पुढं चालत."

गाडी सुटेपर्यंत
भागूबाईचा चष्मा लावून बघितला.
तळ्याच्या बाजूचं सगळं पुसट झालं,
पाट्या, झाडं, धुक्यातली माणसं.
हातातलं तिकीट मात्र मोठं झालं,
आणि नखाशी अडकलेला कालच्या पिठाचा कण.
काढला. पुसला. डबीत ठेवला.

सुपात तांदूळ असतील का आज?
सगळ्यात आधी ते आठजण विचारतील.
त्यांना काय सांगायचं
ते कळ्यापर्यंत ठरवीन म्हटलं होतं.
कळे गेलं.