अस्तर

सरळ उभे राहा. असे नको,
गल्ल्यामागे उभे असता तसे.
आता सांगा, वजन किती?
भरलेल्याचं सांगा. रिकाम्याचं माप मी घेत नाही.

ठाकुरद्वारला, जिन्याखालच्या या गाळ्यात
एकोणतीस वर्षं मी शिवतोय
कोट, जाकिटं, आणि त्यांच्या आतलं, जे कुणी विचारू नये.
आधी लायसन दाखवायचं, मग चहा.
बंदुकीतलं मला कळत नाही. कापड कळतं,
आणि कापड चुगली करतं.

रेवंडकर साहेब साध्या वेषात फिरायचे,
कमरेला सरकारी धूड, वरून पांढरा शर्ट मोकळा सोडलेला.
म्हटलं, साहेब, मे महिन्यात हा अकराला पाठीला चिकटतो
आणि बाराला अख्ख्या भेंडीबाजाराला कळतं तुम्ही कोण.
चौकडा घ्या, सुती, एक नंबर मोठा.
चौकड्यात उंचवटा हरवतो.

तावडेबाई कस्टममधून निवृत्त, धमक्या मात्र चालूच.
पर्समध्ये ठेवीन म्हणाल्या.
पर्स तर तुम्ही मागच्या खेपेला
इथेच, या स्टुलावर विसरलात!
लहानसं घ्या, चपटं,
अंगावरचं अंगावरच राहू दे.

लग्नाला निघालेल्याला मी एकच सांगतो:
वाका. माझ्या पाया पडा.
हसतात.
पण वाकलं की मूठ कोटाची शेपटी उचलते
आणि सासऱ्याच्या आधी फोटोग्राफरला दिसते.
पंगतीला बसणार? मग पोटापाशी नको,
जिलबी तरी सुखानं खा.

कांतिलाल ओसवाल, झवेरी बाजार.
बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, डावीकडे आतला खिसा, कॅनव्हासचा,
आणि तोल राहावा म्हणून उजव्या शिवणीत
शिशाची पट्टी, माझ्याच डोक्यातून निघालेली.
सतरा वर्षांत कुणाला संशय आला नसेल, असं मी धरून चाललो.

परवा मुलगा आला, जाकीट पिशवीत घडी घालून.
वडील झोपेतच गेले म्हणाला. खिसा काढून टाका, मी वापरीन.

उसवण्याआधी सवयीनं हात घातला.
आत चष्म्याचं घर.
घरात कापूस, कापसात पितळी वजनं,
तोळ्याची, दोन तोळ्यांची, खालची मोठी घासून गुळगुळीत.

कुठल्याशा निवडणुकीला ठाण्यात जमा केलं, तो सांगत होता,
ते परत आणलंच नाही त्यांनी.
म्हणायचे, बाजाराला जाकीट भरलेलं दिसलं की पुरे.

दिसलं?
मी तर कुणाला दिसू नये म्हणून शिवलं होतं.

हातावर तोललं ते घर.
वहीत सतरा वर्षांपूर्वीचा आकडा आहे,
पण वही उघडावी लागली नाही.

असो. तुम्ही काय म्हणत होता,
रात्री गाडी स्वतः चालवता? कॅश घेऊन?
हं.
हात वर करा जरा.
छाती मोजायचीय.